उपग्रह इंटरनेटसाठी बॅटरी निवडताना: एका पोर्टेबल पॉवर स्टेशनचा आठ महिन्यांचा अनुभव

वीज गेली की परिसरातले मोबाइल टॉवर त्यांच्या बॅटऱ्या टिकतील तेवढेच चालतात आणि तारेवरून येणारे इंटरनेट वाटेतल्या एखाद्या पेटीचा वीजपुरवठा थांबला तरी बंद पडते. उपग्रह इंटरनेटचे तसे नाही. स्टारलिंकसारख्या सेवेत छतावरचा अँटेना सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाशी थेट बोलतो आणि तो उपग्रह ज्या भूकेंद्राशी (त्याला इंटरनेटशी जोडणाऱ्या जमिनीवरच्या केंद्राशी) जोडलेला असतो, ते आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर असू शकते. त्यामुळे आपल्या भागातला सगळा अंधार अँटेनाच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचा ठरतो. त्याला फक्त आपल्या घरातली वीज हवी असते. म्हणूनच या जोडणीसाठी घेतलेली बॅटरी ही चैन नसून जोडणीचाच भाग आहे, असे माझे ठाम मत झाले आहे आणि ती निवडताना मी केलेल्या चुका इतरांनी करू नयेत, या इच्छेने हा अनुभव लिहीत आहे.

पहिली चूक व्हीए (व्होल्ट-अँपिअर) या आकड्यावर विसंबण्याची. संगणकासाठी मिळतो तसा ६०० व्हीएचा यूपीएस मी अँटेना आणि राउटरला जोडला होता. हा आकडा एका वेळी किती भार उचलता येईल ते सांगतो. किती वेळ उचलता येईल, याबद्दल तो काहीच सांगत नाही. आतली बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची, म्हणजे कागदावर ८४ वॉट-अवर (८४ वॉटचा भार एक तास चालेल एवढी वीज). शिसे-आम्ल बॅटरीतून वीज जितक्या वेगाने ओढावी तितकी तिची प्रत्यक्ष क्षमता घटते, शिवाय बॅटरीच्या डीसी विजेची घरगुती एसी वीज करणाऱ्या इन्व्हर्टरमध्येही काही वीज खर्ची पडते. पहिल्याच मोठ्या खंडिततेत जोडणी ३५ मिनिटांत संपली आणि शेवटची काही मिनिटे त्या यूपीएसच्या अखंड बीपबीपमध्ये गेली.

त्यानंतर मात्र प्लगमध्ये लावायचा साधा वॉटमीटर आणला आणि आठवडाभर नुसते आकडे टिपले. माझा नेहमीच्या आकाराचा अँटेना राउटरसह सरासरी ८० वॉट ओढतो. स्टारलिंक आपल्या प्रमाणित अँटेनासाठी ७५ ते १०० वॉट आणि मिनी या लहान अँटेनासाठी २५ ते ४० वॉट अशी सरासरी सांगते, त्या पट्ट्यातच हा आकडा बसतो. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते: दिवा किंवा पंख्याप्रमाणे आपण वापरत असू तेव्हाच हा भार असतो, असे नाही. कोणी एकही पान उघडलेले नसले तरी अँटेना उपग्रहांचा माग काढतच असतो आणि वीज खातच असतो. बर्फाळ प्रदेशात बर्फ वितळवण्याची सोय चालू असेल, तर हा भार बराच वाढतो. बॅटरीवर असताना ती ॲपमधून बंद ठेवलेली बरी.

८० वॉट गुणिले १० तास म्हणजे ८०० वॉट-अवर. इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च आणि रूपांतरातली घट धरून मी १,०२४ वॉट-अवरचे, लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे पॉवर स्टेशन, म्हणजे बॅटरी आणि इन्व्हर्टर एकाच पेटीत असलेले यंत्र घेतले. हा प्रकार मुद्दाम निवडला. त्याच क्षमतेची निकेल-मँगनीज-कोबाल्टची लिथियम बॅटरी वजनाला हलकी असते, पण आयर्न फॉस्फेटची बॅटरी हजारो चक्रे (चार्ज होऊन रिकामी होण्याच्या फेऱ्या) टिकते आणि उष्णतेला अधिक स्थिरपणे तोंड देते; वर्षानुवर्षे एका कोपऱ्यात बसून राहणाऱ्या वस्तूच्या बाबतीत वजनापेक्षा हे दोन गुण मोलाचे आहेत. शिसे-आम्लाची बॅटरी सुरुवातीला स्वस्त पडते खरी, परंतु तिचे आयुष्य जपायचे तर निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे दुप्पट क्षमता विकत घ्यावी लागते.

पूर्ण चार्ज करून घेतलेल्या चाचणीत जोडणी १० तास २० मिनिटे चालली. म्हणजे छापील क्षमतेपैकी सुमारे ८१ टक्के वीज प्रत्यक्ष कामी आली आणि बाकीची मुख्यतः इन्व्हर्टरने खाल्ली. मला हा निकाल समाधानकारक वाटतो. पण छापील वॉट-अवरला थेट आपल्या भाराने भागून जे तास येतात, त्यांवर कोणी विसंबू नये.

तासांहूनही महत्त्वाचा ठरलेला मुद्दा म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर येण्यास लागणारा वेळ. आधी उसन्या आणलेल्या एका पॉवर स्टेशनमध्ये हा वेळ एवढा लांब होता की अँटेना दर वेळी बंद पडून नव्याने सुरू होई. मग उपग्रह शोधण्यापासून सगळी सुरुवात, त्यात काही मिनिटे जात आणि चालू ऑनलाइन बैठक तुटलेली असे. वीज अर्ध्या मिनिटात परत आली तरी इंटरनेट मात्र पाच मिनिटांनी येई, ही स्थिती फारच त्रासदायक होती. आताच्या यंत्राच्या माहितीपत्रकात हा वेळ २० मिलिसेकंदांच्या आत दिला आहे. वीज जाते तेव्हा आतल्या रिलेचा (पुरवठा बदलणाऱ्या स्विचचा) ‘टक्’ असा एकच आवाज येतो, पडद्यावर येणाऱ्या विजेचा आकडा शून्य होतो, जाणाऱ्या विजेचा ७८–८२च्या आसपास हलत राहतो आणि बोलणाऱ्याचे वाक्य तुटत नाही. आठ महिन्यांत अँटेना एकदाही नव्याने सुरू करावा लागलेला नाही.

त्या उसन्या यंत्राचा आणखी एक दोष सांगितलाच पाहिजे, कारण तो दुकानात कधीच लक्षात येत नाही. भार अगदी कमी असेल तर बॅटरी वाचवण्यासाठी काही यंत्रे ठरावीक वेळाने आपला पुरवठा स्वतःच बंद करतात. माझ्या अँटेनाला त्याचा फटका बसला नाही, परंतु रात्री फक्त राउटर जोडून ठेवला, तेव्हा सकाळी सगळे थंड पडलेले आढळले. मिनीसारख्या कमी विजेवर चालणाऱ्या अँटेनासाठी ही बचतीची सोय कायमची बंद करता येते का, हे खरेदीपूर्वी नक्की विचारावे.

मिनी वापरणाऱ्यांना तर इन्व्हर्टरची गरजच नाही. तो १२ ते ४८ व्होल्ट डीसीवर चालतो, त्यामुळे बॅटरीच्या डीसीचे एसी आणि त्या एसीचे पुन्हा डीसी करण्यातली घट वाचते. मात्र १२ व्होल्टवर लांब आणि बारीक तार वापरली, तर तिच्यातच व्होल्टेज पडते आणि अँटेना मध्येच बंद होतो. तार जाड आणि आखूड असावी. यूएसबी-सीवरून चालवायचा असेल, तर १०० वॉट, म्हणजे २० व्होल्ट आणि ५ अँपिअर देणारे पोर्ट आणि तेवढीच क्षमता असलेली केबल लागते. पॉवर बँकेवरच्या एमएएचच्या (मिलिअँपिअर-अवरच्या) आकड्याने भारावून जाऊ नये: तो आतल्या सेलच्या साधारण ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो, म्हणून २०,००० एमएएच म्हणजे अवघे ७४ वॉट-अवर.

माझ्या यंत्राविषयी दोन तक्रारी आहेत. पूर्ण वेगाने चार्ज होताना त्याचा पंखा इतका आवाज करतो की त्याच खोलीत बोलणे अवघड होते. ॲपमधून चार्जिंगचा वेग कमी केल्यावर तो शांत झाला. दुसरी तक्रार गंभीर आहे: याला जादा बॅटरी जोडता येत नाही. गेल्या महिन्यात वीज सलग १४ तास नव्हती. तेव्हा अँटेनाच्या ॲपमधल्या झोपेच्या वेळापत्रकात मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंतची वेळ लावली. त्या पाच तासांत भार बराच उतरला आणि सकाळी वीज येईपर्यंत बॅटरी कशीबशी पुरली. आज पुन्हा निवड करायची झाली, तर क्षमता हीच ठेवीन, पण मागच्या बाजूला जादा बॅटरीचे सॉकेट असलेलेच यंत्र घेईन.