घोट्याचा लेसवाला पट्टा: उन्हाळा आणि पावसाळा वापरल्यानंतर

लेस आणि आठच्या आकड्यात गुंडाळायच्या दोन पट्ट्या असलेला हा घोट्याचा आधार मी उन्हाळ्याच्या तोंडावर नागपूरच्या सीताबर्डीतून घेतला. त्याचे कापड, शिवण आणि लेस उत्तम आहेत. बाहेरच्या पट्टीचे वेल्क्रो मात्र मे महिन्यातच सुटू लागले, आणि ही उणीव किरकोळ मानायला मी तयार नाही.

घोटा मुरगळून बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारे चिवट तंतू, सैल पडले आणि वर्ष उलटल्यावरही पाय वारंवार लचकत राहिला, तर ती जुनाट अस्थिरता समजली जाते. अशा पायाची टाच जमिनीवर टेकतानाच बहुधा आतल्या बाजूला वळलेली असते. त्यामुळे चालताना शरीराचा भार तळव्याच्या बाहेरच्या कडेवरून पुढे सरकतो. माझ्या उजव्या चपलेची टाच बाहेरून तिरपी झिजली होती, करंगळीच्या मुळाशी घट्टा पडला होता, आणि फिजिओथेरपिस्टने दाब मोजणाऱ्या पट्टीवरून चालवले तेव्हा पडद्यावर नेमकी तीच कड लालभडक उमटली.

बाहेरची पट्टी तळव्याखालून वर ओढली जाते आणि पाऊल आत वळू देत नाही. ती दोन बोटे जरी सरकली तरी भार पुन्हा कडेवर जातो. नागपुरात पारा ४५ अंशांवर गेला की घाम, धूळ आणि मोज्यांचे तंतू वेल्क्रोत अडकून त्याची पकड जाते. दुकानदाराने वापरलेला माल म्हणून हात वर केले आणि पूर्ण किमतीत नवा पट्टा घ्यायला सुचवले. एका वेल्क्रोसाठी एवढा पैसा घालणे मला पटले नाही. इतवारीतल्या शिंप्याने अगदी थोडक्या पैशांत दुहेरी टाक्यांनी नवे वेल्क्रो शिवून दिले आणि ते पावसाळाभर टिकले.

दरम्यान पट्ट्याबद्दलचे माझे मत बदलले. तो पाऊल वळण्यापासून अडवतो, पण पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू वेळेवर आवळायला शिकवत नाही. दुखावलेल्या अस्थिबंधांकडून मिळणारी जाणीव बिघडते आणि तोल सांभाळण्याच्या सरावाने अस्थिरता कमी होते, असे संशोधक फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्येच मांडले होते. एका पायावर उभे राहण्याचा व्यायाम नियमाने सुरू केल्यापासून घट्टा मऊ पडला आहे आणि घरात मी पट्टा घालत नाही. अंबाझरीच्या खडबडीत वाटेवर मात्र तो हवाच. घेणाऱ्यांनी दुकानातच बाहेरची पट्टी ताणून चार पावले चालून पाहावे आणि वेल्क्रो नुसते चिकटवलेले असेल तर तो पट्टा घेऊ नये.