आठवड्याला दोन बादल्या की महिन्याला पाच?

फिल्टर व्यवस्थित चालतोय, टाकी रुळलेली आहे, मासे खाऊनपिऊन मजेत आहेत. तरी पाणी किती दिवसांनी बदलायचं, यावर एकमत म्हणून होत नाही. मी दोन्ही प्रकार करून पाहिलेत. आधी दीड वर्ष महिन्यातून एकदा निम्मं पाणी, नंतर आजतागायत दर आठवड्याला पाचवा हिस्सा. टाकी तीच, 100 लिटरची.

महिन्याच्या पद्धतीला उगाच नावं ठेवली जातात. एक तर पाणी कमी लागतं: 50 लिटरमध्ये भागतं, आठवड्याच्या हिशेबाला चार वेळचं मिळून 80. शिवाय तेवढ्याच पाण्यात नायट्रेट (माशांच्या घाणीतून तयार होऊन पाण्यात साठत जाणारा क्षार) काढायचं तर तीच सरस. समजा नायट्रेट दर आठवड्याला 10 पीपीएमनं (दहा लाखांत 10 भाग) वाढतं. चार आठवड्यांनी 50 लिटर एकदम बदललं, तर कालांतरानं पातळी 40 ते 80च्या मध्ये फिरत राहते. तेच 50 लिटर दर आठवड्याला साडेबारा करून बदललं, तर ती 70 ते 80वर अडकून बसते! म्हणजे आठवड्याला बदलायचं तर हात आखडून चालत नाही. 20 लिटर बदललं की 40 ते 50.

पण खरं सांगायचं तर मी पद्धत बदलली ती बादल्यांना कंटाळून.

नळाचं पाणी मी रात्रभर ठेवतो. क्लोरीन उडून जातो आणि तापमानही घरातल्या हवेइतकं होतं. (पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन-अमोनियाचं संयुग, असेल तर ते असं उडत नाही, ते घालवणारं औषध टाकावंच लागतं.) आता पाच भरलेल्या बादल्या ठेवायच्या कुठे? बाथरूममध्ये. सकाळी उठून बघावं तर दोन बादल्या कुणीतरी अंघोळीला वापरलेल्या आणि तिसरीत साबणाचा फेस. ते पाणी टाकीत घालायची सोयच नाही. मग 'पुढच्या रविवारी बघू'. असं करत महिन्याचे सहा आठवडे व्हायचे, एकदा तर नऊ झाले.

त्या नऊ आठवड्यांनंतर मी निम्मं पाणी एका दमात बदललं. संध्याकाळपर्यंत माझे निऑन टेट्रा (छोटे रंगीत मासे) फिके पडून कोपऱ्यात गोळा झाले आणि दोन दिवसांत चार गेले. पाणी जुनं होत जातं तसं आम्लाकडे झुकतं. अशा पाण्यात माशांच्या घाणीतला अमोनिया फारसा त्रास न देणाऱ्या अमोनियमच्या रूपात असतो. वरून ताजं पाणी पडलं, पीएच चढला, म्हणजे आम्लता कमी झाली, की त्यातला काही भाग पुन्हा विषारी होतो. मोजमाप काही मी केलं नव्हतं, पण माझा संशय यावरच आहे.

आठवड्याच्या दोन बादल्या दाराआड मावतात. काम पंधरा मिनिटांचं. एखादा रविवार हुकला तरी माशांना पत्ता लागत नाही, आणि माझ्यासारख्या आळशाला हीच मोठी सवलत वाटते.

अर्थात भरपूर जिवंत वनस्पती आणि मोजके छोटे मासे असतील, तर महिन्यानं बदलूनही टाकी छान राहू शकते. गोल्डफिश पाळणाऱ्यांनी मात्र त्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं, ते घाणच फार करतात. आणि आटलेलं पाणी भरणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. वाफ उडते, क्षार मागेच राहतात, वर नव्या पाण्यातले आणखी येतात.

तुमची टाकी दोन-तीन महिने तशीच राहिली असेल, तर लगेच 20 लिटरवर उडी मारू नका. दोन-तीन दिवसांआड एक-एक बादली बदलत या. फिल्टरचा स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळून घ्या, नळाखाली धरू नका.