‘तुमचं सबकॉन्शस विरोध करतंय’ : या एका वाक्याने माझे १,००,४४३ रुपये खाल्ले

आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे “एकूण किती गेले गं?” असे फोन यायला नकोत. स्वसंमोहनाच्या सेमिनारचे ४९९. त्यांच्याच कोर्सच्या लेव्हल वनचे १८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,२४०. ‘खास तुमच्यासाठी’ बनवलेल्या ऑडिओचे २,०००. लेव्हल टूचे ६५,०००, जीएसटीसकट ७६,७००, बारा हप्त्यांत. हप्ता ६,३९२ चा, म्हणजे राउंडिंगमध्ये वरचे चार रुपयेही माझेच गेले. बेरीज १,००,४४३. मी अकाउंट्समध्ये आहे. माझी बेरीज चुकत नाही.

आता कुणीतरी लिहिणारच, “अकाउंट्समध्ये आहात आणि तरी?” हो, तरी. फोर्टमधल्या ऑफिसात मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांची बिलं तपासते, पण समोर ऑडिटर बसला की माझा घसा कोरडा पडतो. माझ्या हाताखाली शिकलेल्या दोघी माझ्या पुढे गेल्या, कारण त्यांना बोलता येतं. स्वसंमोहनाने हे बदलतं असं सांगितलं ते कुणी रस्त्यावरच्या माणसाने नाही, रोज सकाळच्या लोकलमध्ये माझी सीट धरणाऱ्या मैत्रिणीने. माझ्या नावावर तिला रेफरलचे पैसे मिळाले हे नंतर कळलं. ती आता दुसऱ्या डब्यात चढते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. दादरचा हॉल, एसी फुल, रडून अनुभव सांगणारे दोघेतिघे, ‘फक्त आजच्यासाठी’ सवलत. मग प्रयोग. डोळे मिटायला लावून बुबुळं वर कपाळाकडे वळवायची, तशीच धरून पापण्या उघडायच्या. उघडत नाहीत! हॉलभर आश्चर्य. अहो, बुबुळं वर धरून ठेवली की पापणी उचलणं कुणालाही जड जातं. दोऱ्याला बांधलेला लोलक प्रश्न विचारला की आपोआप हलायला लागतो, तेही तसंच. आपल्याच बोटांच्या बारीक हालचाली असतात त्या, नकळत होणाऱ्या. शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हे १८३३ सालीच लिहून ठेवलंय. आम्हाला मात्र सांगितलं की लोलक तुमच्या अंतर्मनाचं उत्तर देतोय. माझ्या अंतर्मनाने लेव्हल वनला होकार दिला म्हणे.

पण मला जे रात्री दोन वाजता उठवतं ते हे नाही. लेव्हल वनच्या शेवटच्या दिवशी दिवे मंद करून आम्हाला आडवं झोपवलं. पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत शरीर सैल सोडायचं, उलटे आकडे मोजायचे, मग सूचना. ‘मी शांत आहे. माझा आवाज स्पष्ट आहे.’ इथपर्यंत ठीक. त्यानंतर त्याच आवाजात, त्याच लयीत, ‘मी स्वतःवर खर्च करायला घाबरत नाही. मी निर्णय आजच घेते.’ ऐकलं मी. नीट ऐकलं. संमोहनात माणूस बेशुद्ध नसतो, सगळं ऐकू येतं, नको असेल तर उठून जाता येतं, त्यामुळे मला कुणी भूल घातली असलं काही मी म्हणत नाही. मला ते वाक्य खटकलंसुद्धा. मनात आलं, हे माझ्या घशाबद्दल नाही, हे माझ्या पर्सबद्दल आहे. आणि मी ते मनातच ठेवलं, कारण शंका आली की तो विरोध, आणि विरोध म्हणजेच तुमचा आजार, हे आठवडाभर कानीकपाळी ओरडून झालं होतं! डोळे उघडले तर प्रत्येकीच्या सतरंजीजवळ एक पोरगा टॅब घेऊन बसलेला. लेव्हल टूचा फॉर्म भरून तयार, पॅन नंबरसकट. ओटीपी मी सांगितला. त्या दिव्यात, त्या संगीतात, आजूबाजूच्या बायका पटापट सह्या करत असताना तुम्ही उठून गेला असता? मग तुम्ही माझ्यापेक्षा शूर आहात, आणि तुम्हाला या कोर्सची गरजच नाही.

त्या ‘खास’ ऑडिओचं तर काय सांगू. त्यात एक वाक्य, ‘सिगारेटचा वास मला नकोसा झाला आहे.’ मी उभ्या आयुष्यात सिगारेट हातात धरलेली नाही. विचारलं, तर उत्तर, “मॅडम, अंतर्मनात काय काय दडलेलं असतं ते तुम्हाला कसं कळणार?” नंतर बॅचमधल्या एकीचा ऑडिओ ऐकला. अक्षर न् अक्षर तोच.

आणि लेव्हल टूमध्ये काय, तर मखमली पिशवीत गाठी मारलेली दोरी. एकेका गाठीला एकेक वाक्य. एमिल कुए म्हणून फ्रान्समधला एक औषधविक्रेता होऊन गेला. ‘रोज, सर्व बाजूंनी, मी अधिकाधिक बरा होत आहे’ अशा अर्थाचं वाक्य तो लोकांना सकाळ-रात्र वीस वीस वेळा म्हणायला सांगायचा आणि मोजायला वीस गाठींची दोरी वापरा म्हणायचा. शंभर वर्षांपूर्वीची ही दोरी मला ६५,००० अधिक जीएसटीला पडली. माझी मावसबहीण मानसशास्त्र शिकवते. तिने हे सगळं चहा उकळेपर्यंत शिकवलं. नजरेच्या जरा वर एका ठिकाणी टक लावायची, श्वास लांब सोडायचा, अंग सैल करायचं, मोजत खाली जायचं, एकच छोटं वाक्य म्हणायचं आणि मोजत परत यायचं. वर म्हणाली, भीती फारच असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठ, नोंदणी क्रमांक माग. हे आमच्या ‘सरां’ना कुणीच विचारलं नव्हतं. भिंतीवर सोनेरी चौकटीतली आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेटं होती ना.

परिणाम नाही तर शंभर टक्के पैसे परत, असं छापलेलं होतं. अट मागच्या पानावर. नव्वद दिवसांची सरावाची वही, एकही दिवस न चुकता, रोज मेंटॉरची सही. मेंटॉर दुसऱ्याच महिन्यात ग्रुपमधून गायब. मी पैसे मागितले त्या संध्याकाळी मलाही ग्रुपमधून काढलं. म्हणून आधी चॅट एक्स्पोर्ट करा, रेकॉर्डिंग उतरवून घ्या, पावत्यांचे फोटो काढा, मगच तोंड उघडा. पावतीवर ‘जीएसटीसह’ एवढंच असेल आणि पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर नसेल तर तिथेच थांबा. भांडून मिळवलेला नंबर मी पोर्टलवर टाकला, तर नोंदणी रद्द. म्हणजे ते १४,९४० रुपये सरकारकडे गेले की सरांच्या खिशात, हे तुम्हीच ओळखा.

पोलीस ठाण्यात गेले. हॉल एका हद्दीत, यांचं ऑफिस दुसऱ्या, पैसे भरले तिसऱ्या, त्यामुळे “तिकडे जा”. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी कलम सांगितलं तर साहेब म्हणाले, “वकील आहात का?” दुसऱ्या ठिकाणी, “कोर्स झाला ना? मग फसवणूक कसली? सिव्हिल मॅटर आहे.” तिसऱ्या ठिकाणी हवालदाराने शेजारच्याला हाक मारली, “या बाईंना संमोहित करून लुटलं बघ,” आणि दोघे हसले. वीस वर्षं टॅक्स कापून देतेय मी, या हसण्यासाठी! चारशेवीसचं आता कलम ३१८ झालं, माणसं तीच. बॅंक म्हणते ओटीपी तुम्हीच दिलात. कर्ज देणारी कंपनी म्हणते, आम्ही पैसे क्लासला दिले, क्लास बंद पडला तो तुमचा वाद, हप्ता चुकला तर सिबिल बिघडेल. आणि ‘नो कॉस्ट’ हप्ते म्हणजे कर्जच असतं हे त्या टॅबवाल्या पोराने कुठे सांगितलं होतं? तुमच्यावर अशी वेळ आली तर त्याच रात्री ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या अटींचा कागद, उघडा. ॲपवरच्या कर्जातून बाहेर पडायला रिझर्व्ह बॅंकेच्या नियमाने मुदत द्यावी लागते, पण ती एकच दिवसाची असू शकते. लिंक किंवा ओटीपीतून पैसे परस्पर गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तासाभरात फोन, सकाळची वाट बघू नका.

ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंत फी नाही, ऑनलाइन करता येते, वकील लागत नाही. मग नोटीस गेली आणि परत आली. अंधेरीचा तो पत्ता महिन्याच्या भाड्याने मिळणाऱ्या टेबलाचा निघाला. आता नवा पत्ता मी शोधायचा. तारखेला सुट्टी टाकून जायचं, आणि तारीख पुढे गेली की परत यायचं.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३५ खाली एकाच तऱ्हेने फसलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. आमच्या बॅचमधल्या तिघी तयार आहेत. दादरच्या त्या हॉलमध्ये तुम्हीही सतरंजीवर आडव्या झाला असाल, तर पावती आणि बॅंक स्टेटमेंट घेऊन संपर्क करा. सिगारेटवाला ऑडिओ असेल तर तो नक्की पाठवा, आम्ही जमवतोय. घरी सांगितलं नसेल तरी चालेल. आमच्याकडेही अजून लेव्हल वनचाच आकडा माहीत आहे.