टी४ फेज प्लाक किट: माल चांगला, माहितीपत्रक अर्धवट

कॉलेजच्या लॅबमध्ये फेज (बॅक्टेरियाला मारणारे विषाणू) वाढवून मोजायला हे किट घेतलंय. टी४ फेज, त्याचा होस्ट म्हणजे ज्यात तो वाढतो तो बॅक्टेरिया ई. कोलाय बी, तळाच्या अगारच्या (जेलीसारख्या माध्यमाच्या) तयार प्लेटा आणि होस्ट-फेज मिसळून त्यावर ओतायचा सॉफ्ट अगार, सगळं एकाच खोक्यात येतं. रिझल्ट मस्त, रात्रभर ३७ अंशाला ठेवलं की सकाळी बॅक्टेरियाच्या धुरकट थरात बारीक स्वच्छ ठिपके, म्हणजे प्लाक, जिथे फेजने बॅक्टेरिया मारले. टी४ चे प्लाक मुळातच लहान असतात त्यामुळे किट बिघडलंय असं समजू नका, ठसठशीत हवे असतील तर टी७ फेज घ्या.

माहितीपत्रक मात्र कुणी घाईत लिहिलंय राव. सॉफ्ट अगार वितळवून ४५ ते ५० अंशावर धरायचा हे लिहायलाच नको का, जास्त गरम असला तर होस्ट मरतो आणि थंड झाला तर ओततानाच गुठळ्या होतात मग प्लाक काय मोजणार! तुलनेसाठी नुसत्या होस्टची, फेज न टाकलेली कंट्रोल प्लेटही सांगितलेली नाही. ती लावाच.

मोजायला ३० ते ३०० प्लाकवाली प्लेट घ्यायची. दहा लाख पट पातळ केलेल्यातलं ०.१ मिली टाकून ८५ प्लाक आले तर मूळ बाटलीत दर मिलीला ८५ कोटी पीएफयू, म्हणजे प्लाक पाडू शकणारे फेज.

प्लेटा जरा ओल्या येतात, आधी उघडून वाळवा. फेजची बाटली फ्रीजमध्ये ४ अंशाला महिनोन्‌महिने टिकते, होस्ट मात्र प्रत्येक वेळी ताजा वाढवावा लागतो. पाचपैकी चार स्टार.