परतवाड्याच्या लोहाराकडची सब्बल : पाच महिन्यांनंतर

आमचं घर चिखलदऱ्याच्या पठारावर, हजार मीटरच्या वर. खाली परतवाड्यात लोक पंख्याखाली निजतात तेव्हा आमच्याकडे रजई निघालेली असते. माती वीतभर, मग मुरूम, मग काळा पाषाण. इथं परसबाग म्हटलं की खुरप्याचं काम नाही.

मुलानं आधी मोबाइलवरून बागकामाचा सेट मागवून दिला. त्यातला हिरव्या मुठीचा काटा पहिल्याच गोट्यावर वाकला. आता नातू त्यानं अंगणात वाळू उकरतो.

मग परतवाड्याला लोहाराकडून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घडवून घेतली. सहाशे रुपये. एक टोक अणकुचीदार, दुसरं पटाशीसारखं चपटं. पाच फुटी मला झेपत नाही, म्हणून साडेचार फूट सांगितली. तरी पाच किलोच्या वर भरली. त्या वजनाचंच काम आहे. उचलून नुसती सोडायची, जोर लावायचा नाही. 'ठण्ण' वाजलं की खाली सलग खडक, ती जागा सोडून द्यायची. 'ढप्प' वाजलं तर गोटा सुटा आहे. त्याच्या कडेला चपटं टोक घालायचं, खाली लहान दगडाचा टेका द्यायचा अन् दाबायचं. मुरूम फारच घट्ट असला तर आदल्या संध्याकाळी बादलीभर पाणी ओतून ठेवते.

मला लावायची होती स्ट्रॉबेरी. तिची मुळं उथळ, वीत-दीड वीत मोकळी माती पुरते. निघालेले गोटे मी वाफ्याभोवतीच रचले. दिवसभर तापतात, रात्री ऊब सोडतात. शेजारची कोरकू बाई म्हणे, "काकू, दगडं काढता अन् तिथंच ठेवता!"

तक्रारी दोन. पुसातल्या, म्हणजे पौषातल्या, सकाळी लोखंड हाताला अक्षरशः चावते. मधोमध सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली तेव्हा कुठं धरवली. अन् पंधरा दिवसांतच टोक मुडपलं. लोहारानं कुरकुर न करता परत तापवून पाणी दिलं, म्हणजे लाल टोक पाण्यात बुडवून कडक केलं, पण माझं एसटीचं जाणं-येणं वाया गेलं ते गेलंच.

म्हणून घेणाऱ्यानं तिथंच टोकावर कानस फिरवून पाहावी. कानस सहज चावली तर पाणी कमी बसलंय. नुसती घसरली तर ठीक, पण फार कडक असेल तर टोकाचा टवका उडतो, तेही विचारून घ्या.