कास्टिंगच्या नावाखाली अडकवलेल्या तारखा

इंदूरसारख्या शहरात राहून नाटक, निवेदन, जाहिरातींचे आवाज आणि अधूनमधून मिळणारे चित्रीकरण यांवर ज्यांचे अर्धे घर चालते आणि उरलेले अर्धे शिकवण्यांवर किंवा दुकानातल्या हिशेबांवर, अशा कलाकारांना हेरून फसवणाऱ्या एका टोळीचा अनुभव मी येथे तपशीलवार लिहीत आहे. माझी रक्कम लाखांत नव्हती, त्यामुळे वर्तमानपत्रात त्याची बातमी होण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु ही फसवणूक आमच्या आठवड्याच्या मापाने शिवल्यासारखी बेतलेली होती, आणि आमच्या मंडळींपैकी अनेकांना असेच संदेश येत असल्याचे नंतर कळल्यामुळे ती कशी चालते हे सर्वांना ठाऊक असणे मला आवश्यक वाटते.

हा आठवडा कसा असतो, ते आधी सांगते. सकाळी एका शाळेत मी तासावर नाट्य आणि वाचिक अभिनय शिकवते. दोन दुपारी भंवरकुआँ भागातल्या एका कोचिंग संस्थेच्या व्हिडिओ-पाठांना आवाज देते, आणि बाकीच्या दुपारी क्लॉथ मार्केटमधल्या आमच्या एका नातेवाईक काकांच्या पेढीवर बिले करते. संध्याकाळी तालीम असते. शनिवार-रविवारी लग्न, संगीत किंवा एखाद्या मंडळाच्या वर्धापनदिनाचे निवेदन असते, आणि कधी भल्या सकाळी वस्त्यांमध्ये स्वच्छतेवरचे पथनाट्य असते. येथील मराठी रंगभूमीला बाबा डिके यांच्या नाट्यभारती या संस्थेपासूनचा वारसा आहे आणि सानंद या संस्थेच्या प्रयोगांना आजही सभागृह भरते; पण सानंदच्या रंगमंचावर येणारी व्यावसायिक नाटके बहुतेक मुंबई-पुण्याची असतात, आणि आम्ही स्थानिक मंडळी जे करतो ते हौशी. त्यात मानधन नसते, उलट नेपथ्याच्या टेम्पोचे भाडे कधी कधी आपल्याच खिशातून जाते. म्हणून जे काम पैसे देते त्याची तारीख आणि जे काम समाधान देते त्याची तारीख एकमेकांवर आदळू नये, एवढ्यासाठी आम्हाला वही ठेवावी लागते. ही टोळी पैशांच्या आधी त्या वहीवर हात टाकते.

पूर्वी मुंबईची ऑडिशन द्यायची तर रात्री अवंतिका एक्सप्रेसने निघायचे, अंधेरीतल्या आराम नगरच्या बोळांत दिवसभर रांगेत उभे राहायचे आणि पुन्हा रात्रीची गाडी पकडायची, असा खर्च होता. 2020 च्या टाळेबंदीनंतर सेल्फ-टेप सर्रास झाली, म्हणजे आपणच घरी मोबाइलवर प्रवेश चित्रित करून पाठवायचा. आमच्यासारख्या बाहेरगावच्या कलाकारांना ही मोठी सोय झाली, यात शंका नाही. मात्र त्याच सोयीमुळे ज्याच्याकडे कार्यालय नाही, कॅमेरा नाही आणि मालिकाही नाही, असा माणूसही कास्टिंग करू लागला.

मला आलेला संदेश एका वेब मालिकेचा होता. माळव्यातल्या गावातील शिक्षिकेची भूमिका, हिंदीला माळवी वळण हवे, चित्रीकरण महेश्वरला, राहण्या-जेवण्याची सोय निर्मात्याकडून. महेश्वर इंदूरपासून साधारण 90 किलोमीटरवर आहे आणि तेथील घाटांवर व किल्ल्यात खरोखरच चित्रीकरणे होत असतात, त्यामुळे माळवी बोलणारे कलाकार इंदुरातून घेतले जात आहेत हे पूर्णपणे पटण्यासारखे होते. संवादांची दोन पाने आली, आणि ती वाईट लिहिलेली नव्हती. मी टेप पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी उत्तर आले की दुसऱ्या परिच्छेदात आवाज रंगमंचासारखा वर जातो आहे, तो खाली ठेवून पुन्हा पाठवा. नाटकातल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर हीच सूचना हमखास मिळते. ती कोणालाही लागू पडते, आणि म्हणूनच ती प्रत्येकाला दिली जात होती, हे आमच्यापैकी काही जणांनी आपापले संदेश एकमेकांना दाखवले तेव्हा उघड झाले. सगळ्यांचा आवाज दुसऱ्याच परिच्छेदात वर गेला होता.

त्यानंतर फोन आला. बोलणारा तरुण अस्खलित मराठी बोलत होता, स्वतःला कास्टिंग सहायक म्हणवत होता, मला ताई म्हणत होता आणि आपले आजोळ इंदूरला रामबागेत असल्याचे सांगत होता. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला असे आजोळ सांगितले की अर्धी चौकशी आपोआप संपते, हे त्याला चांगले ठाऊक असावे. त्याने पैशांचा विषय काढला नाही. त्याने विचारले, ‘‘ताई, तुमच्या तारखा कोणत्या मोकळ्या आहेत?’’ मी आठवडा सांगितला. त्यावर त्याने महिनाअखेरचे आठ दिवस ‘ब्लॉक’ करायला सांगितले आणि दर दिवसाचे 9,000 रुपये मानधन ठरवले. हा आकडाही विचारपूर्वक निवडलेला होता. पन्नास हजार म्हटले असते तर कोणीही हसले असते. 9,000 हा आकडा मोठा वाटतो, पण अशक्य वाटत नाही.

येथे मला थोडे थांबून सांगायचे आहे, कारण फसवणुकीचे मर्म या तारखांत आहे. आठ दिवस राखून ठेवायचे म्हणजे शाळेला बदली शिक्षिका द्यायची, कोचिंगचे ध्वनिमुद्रण पुढे ढकलायचे, एका संगीताचे निवेदन मैत्रिणीकडे सोपवायचे आणि प्रयोगाच्या तोंडावर दिग्दर्शकाला तालमीतून सुटी मागायची. हे सगळे करून झाले की माणूस त्या कामाशी बांधला जातो. हातातली कामे सोडून दिलेली असतात, सगळ्यांना सांगून झालेले असते, आणि अशा वेळी 2,950 रुपयांची मागणी आली तर ती देणे हा सर्वांत स्वस्त मार्ग वाटतो. पैसे आधी मागितले असते तर मी फोन ठेवला असता. त्यांनी ते मुद्दामच शेवटी मागितले.

पहिली मागणी ‘कलाकार कार्डा’ची होती. हे कार्ड नसेल तर सेटवर प्रवेश मिळत नाही, शुल्क 2,500 आणि त्यावर जीएसटी 450, आणि पहिल्या दिवसाच्या मानधनासोबत सगळी रक्कम परत, असे सांगण्यात आले. अशी सक्ती कोणताही निर्माता फोनवर करत नसतो. सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन, म्हणजे सिंटा, ही अभिनेत्यांची जुनी आणि नोंदणीकृत संघटना आहे. तिचे सदस्यत्व ती संघटना स्वतः देते, कास्टिंग सहायकाच्या यूपीआयवर पैसे टाकून ते मिळत नाही. दुसरी मागणी वेशभूषेच्या अनामत रकमेची होती: 6,500 रुपये, सोबत मापांचा छापील तक्ता आणि रोज रात्री दहाला ‘ताई, मापे पाठवलीत का?’ असा तगादा. या दोन्ही रकमा गेल्या.

तिसरी मागणी टीडीएसची होती, आणि तेथे त्यांचा हिशेब फसला. एकूण मानधन 72,000, त्यावर दहा टक्के म्हणजे 7,200 रुपये आगाऊ भरा, मग करारावर सही होईल, असा निरोप आला. मी तेव्हा काकांच्या पेढीवर बिलेच करत होते. टीडीएस हा पैसे देणारा मानधनातून कापून घेतो, आपल्या टॅन क्रमांकावर, म्हणजे कर कापणाऱ्याच्या क्रमांकावर, सरकारकडे भरतो आणि तो आपल्या वार्षिक करविवरणात दिसतो. तो ज्याला पैसे मिळायचे आहेत त्याच्याकडून आधी मागितला जात नाही. मग मी पहिली पावती काढून दुकानातल्या बिलाच्या नजरेने पाहिली. कंपनीचा पत्ता अंधेरीचा होता, पण जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक 07 होते, म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा क्रमांक 27 ने सुरू होतो आणि मध्य प्रदेशचा 23 ने. महाराष्ट्रातून इंदूरच्या ग्राहकाला दिलेल्या सेवेवर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य व्यवहारावरचा जीएसटी, लागायला हवा होता, तर पावतीवर राज्यांतर्गत व्यवहाराचे सीजीएसटी आणि एसजीएसटी असे नऊ-नऊ टक्के छापले होते. आणि जी रक्कम परतच करायची, तिच्यावर कर कसला, हा प्रश्न उरतोच. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो पंधरा अक्षरी क्रमांक टाकल्यावर नळ आणि पाइपांचा व्यापार करणाऱ्या एका पेढीचे नाव आले. त्या बिचाऱ्या पेढीला आपला क्रमांक कोठे छापला जातो आहे याची कल्पनाही नसावी. हा शोध कोणालाही मोफत घेता येतो, त्याला लॉगिनही लागत नाही.

काकांनी लगेच 1930 वर फोन लावायला सांगितले, आणि त्यांचे म्हणणे योग्य होते. हा आर्थिक सायबर गुन्ह्यांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला सूचना जाते आणि रक्कम पुढे सरकली नसेल तर ती तेथेच रोखता येते. म्हणून येथे तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नव्हे. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, समोरचा यूपीआय पत्ता आणि पैसे पाठवताना ॲपमध्ये दिसलेले खातेधारकाचे नाव, एवढे हाताशी ठेवून फोन करावा. माझ्या दोन्ही व्यवहारांत कंपनीच्या जागी दोन वेगळ्या व्यक्तींची नावे दिसत होती. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवरही तीच तक्रार लेखी करता येते, आणि पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची व माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 डी खाली तोतयेगिरीची नोंद होऊ शकते. हद्दीचे कारण सांगून परत पाठवले जात असेल, तर झीरो एफआयआर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो.

बँकेकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये. ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांत त्याचे दायित्व मर्यादित ठेवणारे परिपत्रक रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 मध्ये काढले होते, पण आपणच पिन टाकून पाठवलेली रक्कम त्यात सहजासहजी बसत नव्हती, आणि मला शाखेत नेमके हेच उत्तर मिळाले.

मला पैशांपेक्षा जास्त काळजी कागदपत्रांची वाटली. करारासाठी म्हणून त्यांनी आधार, पॅन आणि रद्द केलेला धनादेश घेतला होता. शिवाय परिचयाच्या चित्रफितीत मी नाव, वय, उंची सांगून डावा-उजवा चेहरा दाखवलेला होता, जो प्रत्येक खऱ्या ऑडिशनमध्येही दाखवावा लागतो. अशा वेळी आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करावे, संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते पाहावे, आणि आपल्या नावावर न घेतलेले कर्ज दिसते का यासाठी पतअहवाल काढावा. खऱ्या कामासाठीही आधारची पूर्ण प्रत देण्याऐवजी शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार द्यावे आणि प्रतीवर कोणत्या कामासाठी दिले ते आडवे लिहावे.

खऱ्या कास्टिंगमध्ये पैसे एकाच दिशेने येतात, निर्मात्याकडून कलाकाराकडे. ते उशिरा येतात, कधी भांडून घ्यावे लागतात, ही गोष्ट वेगळी. वेशभूषा निर्मात्याची असते, मापे घ्यायला त्यांचा माणूस येतो किंवा आपल्याला बोलावले जाते. शंका आली तर निर्मितिसंस्थेच्या अधिकृत क्रमांकावर स्वतः फोन करून या नावाचा कास्टिंग सहायक आहे का, हे विचारावे. हल्ली मी तारीख राखून ठेवण्याआधीच ही चौकशी करते, आणि लेखी काही येईपर्यंत शाळेला किंवा कोचिंगला काहीही कळवत नाही.

गेलेले निवेदन परत आले नाही. ज्या मैत्रिणीने ते केले तिलाच त्या कुटुंबाने पुढच्या लग्नालाही बोलावले, आणि ते रास्तच होते. तक्रारीनंतर दुसऱ्या खात्यातली काही रक्कम रोखली गेल्याचा संदेश आला आहे, पण ती अजून हाती आलेली नाही आणि अर्ज प्रलंबित आहे. दरम्यान ती टोळी थांबलेली नाही. आमच्या संस्थेतल्या एका तरुण मुलाला अलीकडेच नव्या क्रमांकावरून फोन आला. मालिकेचे नाव बदलले आहे, चित्रीकरण आता मांडूला आहे आणि ताईच्या जागी दादा आले आहे. मापांचा तक्ता मात्र तोच आहे, त्यात ‘खांदा’ हा रकाना दोनदा छापलेला आहे आणि कंबरेचा रकानाच नाही. असा तक्ता तुमच्या मोबाइलवर आला असेल तर पैसे पाठवू नका, संभाषण पुसू नका आणि आधी 1930 लावा.