सनरूफची बदललेली काच, दोन पावसाळे आणि सिलिकॉनची एक नळी

मे २०२४ मध्ये गुहागरजवळच्या आमच्या गावी सकाळी नऊच्या सुमारास माडावरून सुटलेला एक नारळ गाडीच्या टपावर पडला आणि सनरूफची पुढची, सरकणारी काच खडीसाखरेसारखी आतल्या दोन्ही सीटवर विखुरली. ‘गाडी माडाखाली लावू नकोस’ असे काकांनी आदल्या संध्याकाळीच बजावले होते, परंतु सावलीच्या लोभाने मी ते कानाआड केले. तो दोष माझा, हे आधीच मान्य करतो. पुढे जे लिहीत आहे ते त्यानंतरच्या १७ महिन्यांविषयी आहे, आणि त्यात इतरांचाही बराच वाटा आहे.

गाडी कोणती, सनरूफ किती फूट लांब, बटण कुठे, हे सांगत बसत नाही. मध्यम आकाराच्या कोणत्याही एसयूव्हीच्या दोन भागांच्या सनरूफला पुढचा मजकूर थोड्याफार फरकाने लागू पडेल. एवढेच लक्षात ठेवावे की मागची स्थिर काच टपाला पॉलीयुरेथेनच्या चिकट मसाल्याने चिकटवलेली असते, तर पुढची सरकणारी काच यंत्रणेवर स्क्रूने बसवलेली असते. ती कशालाही चिकटवलेली नसते. हा फरक मला तेव्हा ठाऊक असता, तर या लेखातला निम्मा मनस्ताप टळला असता.

भोकावर ताडपत्रीचा तुकडा आणि खाकी टेप लावून कुंभार्ली घाटमार्गे पुण्याला आलो. अधिकृत केंद्राने करासह ३४,६०० रुपयांचा अंदाज दिला: काच २७,९००, भोवतीचे रबर ३,२०० आणि मजुरी ३,५००. विम्याचा दावा करावा, असे तिथल्या सल्लागाराने सुचवले. मी घरी येऊन कागद-पेन घेऊन बसलो. मोटार विम्यात काचेच्या भागांवर घसारा, म्हणजे जुनेपणापोटीची घट, कापला जात नाही, परंतु रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर तो ५० टक्के कापला जातो, आणि शून्य घसाऱ्याचे जोडकलम मी घेतलेले नव्हते. म्हणजे रबराचे १,६०० आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला लागणारी सक्तीची वजावट १,००० असे २,६०० रुपये खिशातून जाणार होते. खरी झळ दावा न केल्याच्या बोनसची, म्हणजे हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीची होती. माझा बोनस ३५ टक्क्यांवर होता आणि पुढच्या नूतनीकरणाला तो ४५ टक्के होणार होता. दावा केला की तो शून्यावर येतो आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत ५० टक्क्यांवर पोहोचतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा वार्षिक हप्ता १४,००० धरला, तर पाच वर्षांत मिळून सुमारे १६,८०० रुपयांचे नुकसान होत होते. गाडीचे विमामूल्य दरवर्षी घटते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमी. पण हिशेब एकूण १९,४०० वर येऊन थांबला. बाहेरच्या एका काचवाल्याने काच १४,८०० आणि मजुरी २,२०० असे १७,००० सांगितले, जुने रबर चांगले आहे म्हणून तेच नव्या काचेवर चढवतो म्हणाला, आणि २,४०० रुपये वाचवल्याच्या आनंदात मी होकार दिला.

काच बसवण्याचे काम दोन तासांत झाले आणि ते पाहण्यासारखे होते. जुन्या काचेचे अवशेष काढून नवी काच यंत्रणेच्या दोन बाजूंच्या पट्ट्यांवर ठेवली, ताऱ्याच्या आकाराच्या डोक्याचे स्क्रू सैल लावले आणि मग हाताच्या तळव्याने टपाची आणि काचेची पातळी चाचपत तिची उंची जुळवली. पुढची कड टपापेक्षा किंचित खाली आणि मागची किंचित वर ठेवावी लागते, कारण पुढची कड वर राहिली तर समोरचा वारा तिच्यावर आदळून शीळ वाजते. फरक जेमतेम एका मिलिमीटरचा असतो. नंतर बटण दाबून धरून सनरूफच्या मोटरला काचेची दोन टोके पुन्हा शिकवली, जेणेकरून बोट अडकल्यास काच मागे फिरावी. काचेच्या कोपऱ्यात आयएस २५५३ भाग २ या, वाहनांच्या सुरक्षा काचेच्या भारतीय मानकाचा शिक्का होता. शेवटी कारागीर म्हणाला, “सर, बाजूने सील पण मारून देऊ का?” मी नको म्हणालो. ते शहाणपण नव्हते. त्याचे वेगळे ४०० रुपये पडणार होते.

जूनचा पाऊस कोरडा गेला, म्हणजे गाडीच्या आतून कोरडा. मी चार जणांना त्या काचवाल्याचा पत्ताही दिला.

२५ जुलै २०२४ची सकाळ पुणेकरांना सांगायला नको. खडकवासल्याचा विसर्ग वाढून सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत पाणी शिरले ती सकाळ. आमची गाडी नदीपासून दूर, सोसायटीच्या उताराच्या रस्त्यावर उघड्यावर उभी होती. दार उघडले तेव्हा पुढच्या डाव्या सीटसमोरच्या पायपुसण्यावर बोटभर पाणी होते आणि समोरच्या काचेशेजारच्या डाव्या खांबाचे प्लास्टिकचे आवरण आतून ठिबकत होते. काचवाल्याला फोन केला. दोन दिवस तो ‘आज येतो’ म्हणाला, तिसऱ्या दिवशी आला आणि गाडीकडे नीट न पाहताच म्हणाला, “सनरूफ म्हटलं की थोडंफार पाणी येणारच, सर. सील मारलं असतं तर हे झालं नसतं.” माझ्या तेव्हाच्या नकाराचे खापर त्याने असे माझ्याच माथी फोडले. वर्षभराची हमी तोंडी होती, त्यामुळे तिची आठवण करून देण्यात अर्थ नव्हता. त्याने ६५० रुपये घेऊन, म्हणजे मूळ दरापेक्षा २५० जास्त घेऊन, काचेच्या चारही बाजूंनी सिलिकॉनची नळी पिळली आणि सनरूफ महिनाभर उघडू नका असे सांगून तो निघून गेला.

या सिलिकॉनविषयी मला सविस्तर लिहायचे आहे. घरातल्या लोकांनी माझे हे बोलणे ऐकण्याचे आता सोडून दिले आहे. पहिली गोष्ट वासाची. गाडीत आठ दिवस व्हिनेगरचा, लोणच्याच्या फुटलेल्या बरणीसारखा वास येत होता. तो वास ॲसेटिक आम्लाचा असतो. न्हाणीघरात वापरतात ते स्वस्त सिलिकॉन सुकताना हे आम्ल सोडते आणि उघड्या पत्र्याला त्याने गंज चढू शकतो. दुसरी गोष्ट अशी, की सनरूफचे रबर ज्या प्रकारचे असते त्याला सिलिकॉन धड चिकटतच नाही. काच उन्हात तापून प्रसरण पावते, गाडीचा सांगाडा खड्ड्यात पिळवटतो, आणि महिन्याभरात ही पट्टी सापाच्या कातेसारखी एका टोकाने सुटू लागते. तिसरी आणि सर्वांत चीड आणणारी गोष्ट म्हणजे ते जाते, पण त्याचा ओशटपणा जात नाही. सिलिकॉनचा पातळ थर राहिलेल्या जागेवर पुढे कोणताच मसाला नीट धरत नाही, अगदी नवे सिलिकॉनसुद्धा नाही. प्लास्टिकची पट्टी, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या बनियनचे तुकडे घेऊन ते काढायला मला एक संपूर्ण रविवार सकाळ लागली.

तरीही ऑगस्टअखेरपर्यंत मी सिलिकॉनचे गुण गात होतो, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. गळती थांबली होती. वास्तविक मध्ये काही दिवस पावसाने उघडीप दिली होती आणि त्याच सुमारास सोसायटीत मला सपाटीवरची जागा मिळाली होती, या दोन्ही गोष्टींचा संबंध तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

गणपतीसाठी ६ सप्टेंबरला गावी निघालो. कुंभार्ली घाट उतरताना मुसळधार पाऊस होता, आणि एका वळणावर ब्रेक लावताच छतातल्या दिव्यांच्या पट्टीजवळून ओंजळभर पाणी आईच्या डाव्या खांद्यावर आले. थेंब नव्हे, ओंजळभर. पुढच्या वळणावर पुन्हा तसेच. आईने काही न बोलता डब्याचे झाकण काढून हातात धरले आणि चिपळूणपर्यंत ती तशीच बसली. ब्रेक लावल्यावरच पाणी का येते, या प्रश्नाचे उत्तर चिपळूणच्या एका छोट्या गॅरेजमधल्या वयस्कर मिस्त्रींनी दिले. सणाची गर्दी असूनही त्यांनी गाडी आत घेतली, हे विशेष.

त्यांनी सुटलेले सिलिकॉन नखाने उचकटून सनरूफ उघडायला लावले आणि चहाच्या पेल्यातले पाणी उजव्या कोपऱ्यातल्या भोकात हळूहळू ओतले. ते पुढच्या चाकाजवळून जमिनीवर पडले. तेच डाव्या कोपऱ्यात ओतले, तर ते तसेच साचून राहिले. “रबर पाणी अडवायला नसतं, दादा,” ते म्हणाले. “ते फक्त लोंढा अडवतं. बाकीचं पन्हळीनं जायचं.” ज्याचे बालपण कौलारू घरात गेले आहे, त्याला हे एका वाक्यात कळावे, आणि मला चार महिने कळले नव्हते. सनरूफच्या चौकटीभोवती एक पन्हळ असते. रबराच्या कडेने झिरपलेले पाणी तिच्यात उतरते आणि चार कोपऱ्यांतल्या चार नळ्यांतून, खांबांच्या आतून, गाडीखाली जाते. पुढच्या डाव्या नळीचे तोंड बुजले होते. पन्हळ भरायची, आणि उतारावर किंवा ब्रेक लावल्यावर ते पाणी पुढच्या कडेवरून आत उसळायचे. सोसायटीतला उतारही नेमका गाडीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याकडे होता.

बुजवले कशाने होते, तर आमच्याच फुटलेल्या काचेच्या खड्यांनी. तीन खडे नळीच्या तोंडाशी एकमेकांत अडकले होते, त्यांच्यावर माडाचा कचरा आणि धूळ बसून डांबरासारखा लगदा झाला होता. काच बसवताना काचवाल्याने सीटवरचे खडे व्हॅक्यूमने ओढून घेतले होते. पन्हळीत कोणी डोकावलेच नव्हते. म्हणजे त्याची काच चांगली होती, बसवणीही चांगली होती, आणि दीड महिना त्याला मी ज्या कारणासाठी मनातल्या मनात शिव्या घातल्या ते कारण चुकीचे होते. शिव्या मात्र चुकीच्या नव्हत्या, कारण व्हॅक्यूमचे तोंड चार इंच वर नेण्याचे काम त्याचेच होते.

मिस्त्रींनी गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी, टोक जाळून गोल केलेली, नळीत वरून हळूहळू फिरवत सरकवली आणि खडे निघाल्यावर पुन्हा पेला ओतून पाहिला. सायकलच्या ब्रेकची तार वापरू नये, ती नळीला भोक पाडते. हवेच्या जोरदार झोताने नळी साफ करण्याचा मोहही टाळावा, कारण खांबाच्या आत जोडावरून नळी निसटली, तर ती परत बसवण्यासाठी आवरणे उघडावी लागतात, आणि जिथे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग छताच्या कडेने जाते तिथे ही आवरणे घरी उघडण्याचे धाडस कोणी करू नये. मिस्त्रींनी या कामाचे पैसे घेतले नाहीत. दोरीचे ६० रुपये मीच बळेबळे दिले.

पुण्यात आल्यावर सतरंजी उचलून खालचा फोम सुकवून घेतला. तो स्पंजसारखा जुलैपासूनचे पाणी धरून होता आणि गाडीतल्या कुबट वासाचे मूळही तेच होते. त्याचे ३,८०० रुपये पडले. आता हिशेब मांडतो: १७,००० अधिक ६५० अधिक ६० अधिक ३,८००, एकूण २१,५१०. विम्याचा दावा केला असता तर कंपनीची काच, नवे रबर आणि पाच वर्षांचा गेलेला बोनस धरूनही १९,४०० झाले असते. २,४०० वाचवायला गेलो आणि २,११० वर घालून बसलो. ही रक्कम मला काचेच्या फुटण्यापेक्षा जास्त लागली आहे.

काचेविषयी म्हणाल, तर १७ महिन्यांनंतर तक्रार किरकोळ आहे. तिची छटा मागच्या मूळ काचेपेक्षा जरा हिरवट आहे. ते वरून, म्हणजे वरच्या मजल्याच्या खिडकीतून पाहणाऱ्यालाच कळते. उन्हाळ्यात डोक्यावर ऊब थोडी अधिक जाणवते, असे आईचे म्हणणे आहे, पण झाकणाच्या प्रसंगानंतर तिचे सनरूफविषयीचे कोणतेही मत मी निःपक्ष मानत नाही. ताशी ९०च्या पुढे बारीक शीळ यायची. डाव्या बाजूचे पुढचे स्क्रू सैल करून काच अर्धा मिलिमीटर खाली घेतल्यावर ती गेली.

२०२५ मध्ये पावसाने मे महिन्यातच गाठले आणि २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला, तेव्हा नळ्या साफ करण्याचा माझा जूनचा मुहूर्त हुकला होता. भर पावसात छत्री धरून, सनरूफ अर्धवट उघडून, चारही कोपऱ्यांत पेला ओतून पाहिला. चारही नळ्या वाहत्या होत्या. त्यानंतरचा सबंध पावसाळा, गणपतीच्या घाटप्रवासासह, आत एक थेंब आला नाही.

आता राहिले ते रबर. काच बंद करताना कडेला कागदाची पट्टी ठेवून ओढून पाहिली, तर मागच्या आणि उजव्या बाजूला ती घट्ट धरली जाते. पुढच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे सिलिकॉन सर्वांत जाड बसले होते, तिथे ती अलगद निसटते. रबर तिथे कडक होऊन त्यावर बारीक चिरा पडल्या आहेत. नव्या रबराची किंमत गेल्या आठवड्यात विचारली: ३,६५० रुपये. पुढच्या मे महिन्यात चिपळूणला जाईन तेव्हा ते बरोबर घेऊन जाईन, आणि या वेळी बसवण्याची मजुरी मिस्त्रींनी घेतलीच पाहिजे, असे त्यांना आधीच सांगून ठेवले आहे.